दिवसा ओरडणारा रातकिडा

प्रश्न : आम्ही शिरोळचे. उसाच्या फडातले रातकिडे आम्हाला नवे नाहीत. पण मे महिन्यात घरच्यांसोबत दाजीपूरच्या जंगलात गेलो, तर भर दुपारी रातकिड्यांनी असा कल्ला मांडला होता, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. झाडांच्या बुंध्यांवर पाठ उकललेले वाळके किडेही चिकटलेले दिसले. बरोबरचे एक वडीलधारे म्हणाले, ओरडून ओरडून किडा असा फुटतो. माझी पुतणी कॉलेजात शिकते. तिचं म्हणणं, हा रातकिडा नव्हेच, हा आपल्या उसावरच्या माव्याच्या भावकीतला. मावा तर टाचणीच्या डोक्याएवढा! दोघांचं नातं कुणी लावलं, आणि कशावरून?
(एक ऊस उत्पादक वाचक, शिरोळ)

उत्तर : पुतणीचं म्हणणं बरोबर आहे. वडीलधाऱ्यांनी पाहिलं तेही खरं आहे, त्याचा अर्थ लावताना तेवढी गफलत झाली. आपण क्रमाने जाऊ.

दाजीपूरला तुम्ही दुपारी ऐकलात तो सिकाडा. रात्री शिरोळच्या बांधावर, न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा लाकडांच्या ढिगाखाली किरकिरतो तो रातकिडा. दोघांना आपण एकाच नावाने हाक मारतो, कारण आपण ते नाव कानाने ठेवलं आहे, किडा हातात घेऊन नव्हे. ही सवय जुनी आहे. अमरकोशात चीरी, झिल्लिका ही नावं एका ओळीत समानार्थी म्हणून येतात, आणि त्यांचा उच्चार केला की आवाजच ऐकू येतो. आवाजावरून नाव पडण्यात काही वावगं नाही. मात्र नाव एक म्हणून कूळही एक, असं होत नाही. तुमच्या तालुक्यातच बघा. मराठा पाटील आहेत, जैन पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत. पाटीलकी हे गावचं काम होतं, त्या कामावरून आडनाव पडलं. दोन पाटलांची घरं भिंतीला भिंत लागून असली तरी ते भाऊबंद असतीलच असं नाही. 'रातकिडा' हे किड्यांमधलं तसंच आडनाव आहे. किरकिरण्याच्या कामावरून पडलेलं.

आता ते काम दोघं कसं करतात ते पाहा, म्हणजे फरक लगेच कळेल. रातकिड्याच्या पुढच्या पंखाखाली करवतीच्या दात्यांसारखी एक बारीक शीर असते. दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासली की आवाज होतो. पुष्कळांना वाटतं तो पाय घासतो. ते काम काही नाकतोड्यांचं. ते मागच्या पायाची आतली बाजू पंखावर घासतात. रातकिड्याचं वाद्य पंखात आहे.

सिकाडा काहीच घासत नाही. नराच्या पोटाच्या सुरुवातीला, दोन्ही कुशींवर, उभ्या सुरकुत्यांचा एकेक ताणलेला पडदा असतो. आतून एक जाड स्नायू तो पडदा खेचतो. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबलं की 'टक' होतं आणि सोडलं की पुन्हा 'टक' होतं, तसंच हे. पडद्याच्या सुरकुत्या एकामागून एक आत जातात, तितके 'टक' होतात, आणि स्नायू हे सेकंदाला शेकडो वेळा करू शकतो. इतक्या वेगाने झालेले 'टक' आपल्या कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा सलग सूर होतो. नराचं पोट आतून बरंचसं पोकळ असतं. तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं ते आवाज घुमवतं. काही जातींचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या वर जातो. तुम्हाला शेजारच्याचं बोलणं ऐकू आलं नाही, यात अतिशयोक्ती काहीच नाही. मादीकडे हा पडदा नसतो, म्हणून ऐकलंत ते सगळे नर होते.

वेळही वेगळी. रातकिडा बहुधा रात्रीचा. सिकाडांचा जोर साधारणपणे दिवसा असतो, काही जाती नेमक्या तिन्हीसांजेला सुरू होतात. अंधार पडल्यावर दाजीपूरला सिकाडा थांबून रातकिडे आणि त्यांचे चुलतभाऊ लागले असणार.

तरीही आवाजाच्या वाद्यावरून कूळ ठरत नाही. कूळ ठरवायला तोंड पाहावं लागतं. रातकिड्याला जबडे असतात. तो कुरतडतो आणि चावतो. पान, मुळं, मेलेला किडा, प्रसंगी कपडाही. सिकाडाला जबडे नाहीत. डोक्याच्या खालून निघालेली एक ताठ सोंड पुढच्या पायांच्या मधे छातीला टेकवून ठेवलेली असते. त्या सोंडेच्या पन्हळीत केसासारख्या चार सुया असतात. त्या झाडात खुपसायच्या, एका नळीने लाळ सोडायची आणि दुसरीने रस ओढायचा. आता मावा भिंगाखाली धरा. तीच सोंड, त्याच चार सुया, तीच दोन नळ्यांची सोय. तुडतुडा धरा, पांढरी माशी धरा, पिठ्या ढेकूण धरा, उसावरची पाकोळी धरा, गादीतला ढेकूण धरा. सगळ्यांकडे हेच हत्यार. कुणी त्याने झाडाचा रस पितं, कुणी माणसाचं रक्त. आकार, रंग, पंख, खोड्या सगळं वेगळं, पण तोंड एकाच घडणीचं. या सगळ्यांचा मिळून एक गण आहे, हेमिप्टेरा. मावा आणि सिकाडा याच गणात येतात. रातकिडा नाकतोड्यांबरोबर ऑर्थोप्टेरा या दुसऱ्या गणात जातो.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून सांगतो, हे वर्गीकरण तुम्ही रोज वापरता. शेतीच्या सल्ल्यात 'रस शोषणारी कीड' हे शब्द तुम्ही कितीदा वाचले असतील! ते बहुतांशी याच गणाबद्दल असतात. त्याच पत्रकात माव्याची 'पिल्ले व प्रौढ' आणि खोडकिडीची 'अळी' असं लिहिलेलं असतं. तो फरकही वर्गीकरणाचाच. पतंगाच्या अंड्यातून अळी निघते, अळीचा कोष होतो, कोषातून पतंग येतो. अळी आणि पतंग यांचं रूप जुळत नाही. माव्याचं आणि सिकाडाचं तसं नाही. जन्मतं ते पिल्लूच, सोंडेसकट. ते कात टाकत टाकत मोठं होतं आणि शेवटच्या कातीनंतर प्रौढ होतं. मधे कोष नाही.

इथे वडीलधाऱ्यांचा फुटलेला किडा येतो. तो किडा नव्हताच, ती शेवटची कात होती. सिकाडाची मादी झाडाच्या फांदीत चिरा पाडून अंडी घालते. पिल्लं खाली पडून जमिनीत शिरतात आणि तिथे झाडांच्या मुळांचा रस पीत वर्षं काढतात. उन्हाळ्यात, वळवाच्या सुमाराला, पूर्ण वाढलेलं पिल्लू वर येतं, मिळेल त्या बुंध्यावर चढतं, नखं रुतवून पक्कं बसतं आणि पाठीवर उभं उकलतं. आतून ओला, फिका सिकाडा बाहेर येतो, पंख ताणतो, वाळतो, रंग धरतो आणि उडून जातो. मागे राहतं ते रिकामं अंगरखं. पुढच्या खेपेस एखादी कात अगदी जवळून बघा. तांबूस, काचेसारखी पातळ, पुढचे दोन पाय खेकड्याच्या नांगीसारखे जाड, कारण त्यांनीच माती उकरली. सांध्यांमधे अजून लाल मातीचा गिलावा असतो. पाठीच्या चिरेतून आत डोकावलात तर पांढरे दोरे लोंबताना दिसतील. ते श्वासनळ्यांचं अस्तर. किड्याच्या अंगात हवा नेणाऱ्या नळ्यांची कातसुद्धा टाकली जाते, इतकी ही कात संपूर्ण असते. डोळ्यांचा साचा आणि सोंडेचा साचाही तिच्यावर दिसतो. आणि जिचा आवाज कधीच निघणार नाही, त्या मादीचीही पाठ अशीच उकललेली असते. ओरडण्याचा इथे काही संबंध नाही.

आवाजाने पाऊस येतो असंही लोक म्हणतात. ते कारण आणि परिणाम उलटे धरण्यासारखं आहे. जमीन तापते, वळवाने माती मऊ होते, मग पिल्लांना वर येणं सोपं जातं. प्रौढाचं आयुष्य थोडक्या आठवड्यांचं, तेवढ्यात नराला मादी मिळवायची असते. म्हणून पावसाआधी गजर होतो. वळवानंतर कडुलिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, त्यामागेही तोच वळीव आहे. आणि हुमणीचं नाव निघालंच आहे, तर एक गैरसमज इथेच काढून टाकू. जमिनीतला प्रत्येक पांढुरका किडा म्हणजे हुमणी, असं नाही. हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, मऊ, तांबूस डोक्याची, मुळं जबड्याने कुरतडणारी. सिकाडाचं पिल्लू कुबडं, टणक, सहा पाय नीट वेगळे दिसणारं, खोदायच्या पायांचं आणि सोंडेचं. ते मुळं कुरतडत नाही, मुळातलं पाणी पितं. तेही अन्नरसाच्या नळीतलं गोड पाणी नव्हे, मुळांकडून वर जाणारं पातळ पाणी. त्यात पोषण फार कमी असल्याने खूप प्यावं लागतं, म्हणून सिकाडाचं कपाळ पुढे फुगलेलं असतं. त्या आडव्या रेघांच्या कपाळामागे रस ओढायचा पंप आहे. प्यालेलं जास्तीचं पाणी तो खाली सोडतो. सिकाडा भरपूर असलेल्या झाडाखाली उभं राहिल्यावर अंगावर थेंब पडले, तर ते हेच.

आता नातं कुणी लावलं, ते. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1758 साली 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दी नावं सरसकट दिली. प्राण्यांची आजची शास्त्रीय नावं तिथून मोजतात. कीटकांची वाटणी त्याने मुख्यतः पंखांवरून केली, सात गटांत. त्या आवृत्तीत रातकिडा भुंगेऱ्यांच्या गटात होता. 1767 च्या बाराव्या आवृत्तीत लिनियसने त्याला तिथून उचललं आणि सिकाडाच्या गटात आणून बसवलं. म्हणजे रातकिडा आणि सिकाडा यांना एका पंगतीत बसवण्याची चूक केलेले तुम्ही एकटे नाही, वर्गीकरणाच्या जनकानेही ती केली होती.

ती दुरुस्त व्हायला तोंडाकडे बघणारा माणूस हवा होता. लिनियसचाच शिष्य, डेन्मार्कचा योहान फॅब्रिशियस, याने 1775 पासून कीटकांची मांडणी तोंडाच्या अवयवांवर उभारली. त्याचं म्हणणं असं, की प्राणी जे खातो त्यावर त्याचं जगणं बेतलेलं असतं, म्हणून तोंड पाहा. पुढे पंख, तोंड, वाढीची रीत या सगळ्यांचा एकत्र विचार होऊ लागला. डार्विननंतर नातं या शब्दाला खरा अर्थ आला. सारखे दिसणारे एकत्र ठेवणं हा उद्देश राहिला नाही, एकाच पूर्वजापासून आलेले शोधणं हा झाला. आता त्याला डीएनएची जोड आहे. हेमिप्टेरा या नावाचा अर्थ मात्र 'अर्धे पंख' असा आहे, तो लिनियसच्या पंखांच्या हिशेबातून उरलेला. काही ढेकणांचे पुढचे पंख अर्धे जाड आणि अर्धे पातळ असतात, त्यांच्यावरून गणाला ते नाव मिळालं. सिकाडाचा पंख सबंध एकसारखा. नाव त्याला शोभत नाही, तोंडावरून तो या घरात आला.

गणाच्या खाली कूळ, कुळाखाली प्रजाती, प्रजातीखाली जाती. खेड्यात ओळख विचारताना गाव, मग भावकी, मग घर, मग माणूस असं आपण उतरत जातो, तशीच ही उतरंड. सिकाडांचं कूळ सिकाडिडी, जगात त्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. भारतात पसरलेली एक जाती घ्या, प्लॅटिप्ल्युरा ऑक्टोगटाटा. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. 'ऑक्टोगटाटा' म्हणजे आठ थेंबांचा. पुढे कंसात 'फॅब्रिशियस, 1798' असं लिहितात. म्हणजे हे नाव त्याच फॅब्रिशियसने दिलं. कंस अशासाठी, की त्याने ठेवलेल्या प्रजातीतून नंतरच्या लोकांनी हा किडा दुसऱ्या प्रजातीत नेला. एवढ्याशा कंसात किड्याच्या घरबदलाची नोंद असते.

सगळ्यात कठीण पायरी शेवटची, जातीची. दोन सिकाडा शेजारी ठेवले, दोन्ही हिरवट, पारदर्शक पंखांचे. एकच जाती की दोन? जुन्या काळी हे टाचणी टोचलेल्या मेलेल्या नमुन्यांवरून ठरे. विल्यम डिस्टंट या इंग्रजाने 1889 ते 1892 या काळात पौर्वात्य सिकाडांवर मोठा ग्रंथ लिहिला, 1906 मधे ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालेत पुन्हा त्यांच्यावर लिहिलं. त्याच्यापुढे प्रामुख्याने संग्रहातले किडे होते. पंखांच्या शिरा, डाग, नराच्या पोटाखालच्या झडपांचा आकार हे त्याने पाहिलं, आणि त्याचं काम आजही उघडावं लागतं. पण टाचणीवरचा किडा गात नाही. मादी मात्र गाणं ऐकूनच आपल्या जातीचा नर ओळखते. परक्या जातीच्या गाण्याला ती सहसा दाद देत नाही. म्हणजे कुठे एक जाती संपते आणि दुसरी सुरू होते, याचा निवाडा जंगलात मादी रोज देते. आताचे अभ्यासक म्हणून आवाज ध्वनिमुद्रित करतात, त्याचा आलेख काढतात, नराच्या जननेंद्रियांची घडण तपासतात आणि डीएनए जुळवतात.

याचं ताजं उदाहरण आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचं आहे. केरळात सापडणारा एक सिकाडा फार वर्षं पुराना टिग्रिना म्हणून ओळखला जाई. ती जाती मूळची मलेशियाकडची. बारकाईने तुलना केल्यावर कळलं, की केरळातला किडा वेगळाच आहे. 2023 मधे त्याला नवं नाव मिळालं, पुराना चीवीडा. मल्याळम् भाषेत सिकाडाला जो शब्द आहे, तोच शास्त्रीय नावात गेला. किडा नवा नव्हता, लोकांना माहीतही होता. त्याची ओळख तेवढी चुकीच्या नावावर नोंदली गेली होती. मला हे नाव फार आवडतं, कारण तिथल्या माणसाच्या तोंडचा शब्द आता जगभरच्या सूचींत छापला जाईल.

नाव बरोबर लागलं की त्या नावाखालची सगळी माहिती हाताशी येते. उदाहरणार्थ मेघालयात री-भोई जिल्ह्यात दर चार वर्षांनी एकदम हजारोंनी निघणारा एक सिकाडा आहे. त्याचं शास्त्रीय नाव क्रेमिस्टिका रिभोई, 2013 साली ठेवलेलं. अमेरिकेतला सतरा वर्षांनी निघणारा मॅजिसिकाडा सेप्टेंडेसिम वेगळा. लिनियसने 1758 मधेच त्याच्या नावात 'सतरा' हा आकडा घातला. बातम्यांतले 'सतरा वर्षांचे सिकाडा' ते हे. दाजीपूरचे सिकाडा दर उन्हाळ्यात ऐकू येतात, त्यामुळे त्या बातम्यांवरून आपल्याकडच्यांचा हिशेब करू नये.

आणि हा सगळा खटाटोप शिरोळच्या शिवारात कसा उपयोगी पडतो, ते तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल. 2002 साली सांगली-कोल्हापूरकडच्या उसावर पानांच्या खाली पांढरी लोकर दिसू लागली. तो लोकरी मावा. त्याची ओळख पटली, सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा. झेंटनर या शास्त्रज्ञाने हे नाव 1897 मधेच दिलं होतं, आणि ईशान्य भारतातल्या उसावर तो आधीपासून ठाऊक होता. नाव कळल्यावर त्याचे शत्रूही शोधता आले. डिफा नावाच्या पतंगाची मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस हा मित्रकीटक शेतांत सोडले गेले. दुसरं उदाहरण पाकोळीचं. उसाच्या पानावरची ती पेंढ्याच्या रंगाची, चोचीसारखं लांब डोकं असलेली पाकोळी म्हणजे पायरिला, सिकाडाची माव्यापेक्षाही जवळची नातेवाईक. तिच्या अंगावर एपिरिकॅनिया या पतंगाची अळी चिकटते आणि तिला संपवते. त्या अळीचे पांढरे कोष पानांवर दिसतात. ते कीड समजून औषध मारलं, तर मारला जातो तो आपल्या बाजूचा शिपाई. रस शोषणाऱ्या किडीला आंतरप्रवाही औषध लागतं, कारण ते रसात उतरतं, हेही तोंडाच्या घडणीवरूनच ठरलेलं आहे.

मग दाजीपूरइतका गजर शिरोळला का नाही? सिकाडाच्या पिल्लाला वर्षानुवर्षं न हललेली माती आणि झाडांची जिवंत मुळं लागतात. आपल्याकडे फड दोन-तीन वर्षांनी नांगरला जातो, आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठची जमीन 2005, 2019, 2021 सारख्या महापुरांत दिवसचे दिवस पाण्याखाली राहते. बांधावरची बाभूळ, कडुलिंब, नदीकाठचं जुनं झाड इथे थोडे सिकाडा असतात, पण जंगलासारखी दाटी होत नाही. ऊस आणि सिकाडा यांचं वैरच आहे असं मात्र समजू नका. जपानच्या ओकिनावा बेटांवर मोगॅनिया मिनुटा हा छोटा सिकाडा उसाची कीड झाला. एकच ऊस वर्षानुवर्षं खोडव्यावर ठेवला की जमीन हलत नाही, पिल्लांना हवं ते मिळतं.

येत्या मे महिन्यात पुन्हा दाजीपूरला किंवा गगनबावड्याला गेलात, तर पुतणीला बरोबर न्या. छातीच्या उंचीवर बुंधे बघत चला, कात सापडेल. तिची सोंड पायांच्या मधे शोधा, मोबाईलमधे फोटो काढा, आवाज मुद्रित करा, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. दाजीपूरचं जंगल राधानगरी अभयारण्यात येतं, तिथून कातसुद्धा घरी आणू नका. शिरोळला परतल्यावर उसाचं एक पान उलटून माव्याकडे भिंगातून पाहा. तीच सोंड तिथे दिसेल.